मोटारीचं बाळंतपण

माणसाने मोटार घ्यावी की नाही याबद्दल दुमत असू शकेल. पण घेतलीच तर तिचं इंजिन उघडू नये, याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका नाही. उघडणं अगदी भागच पडलं तर ते परगावी उघडावं. परगाव जमत नसेल तर निदान ज्या पेठेत रिटायर झालेला स्टेशनमास्तर राहतो, त्या पेठेत तरी ती मोटार परत आणू नये.

सेहेचाळीस सालची गोष्ट. लढाई संपून वर्ष उलटलं होतं, तरी पेट्रोल कुपनावरच मिळे. पलटणीतून परतलेले जवान साताऱ्यात जागोजागी काही ना काही धंदा मांडून बसले होते. त्यांतलाच एक मेढ्याकडचा नाथाजी. मिसरच्या वाळूत पाच वर्षं लष्करी ट्रकांची इंजिनं खोलून-जोडून तो परतला आणि पोवई नाक्यावर चार पत्रे ठोकून त्याने मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं. त्याच्या हाती आलेलं पहिलं इंजिन माझं. म्हणजे माझ्या मोटारीचं. पण पुढच्या तीन आठवड्यांत लोकांनी या दोहोंत फारसा फरक केला नाही.

ही मोटार माझ्याकडे कशी आली ते विचारू नका. वकिली धंद्यात अशील काय आणून दारात बांधील याचा नेम नसतो. दुसऱ्या एका वकिलाच्या दारात याच काळात एक सांडणी होती. मोटार दुरुस्त करायची घाई मात्र का झाली, ते सांगायला हवं.

सांगलीला माझी थोरली बहीण, तानुबाई. आम्ही तिला आक्का म्हणतो. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मला काखोटीला मारून शाळेत नेऊन टाकणारी हीच. मी पळून आलो की परत नेऊन टाकणारीही हीच. तिचे गुडघे धरले आणि वैद्यांनी ते जपायला सांगितलं. तिच्या घरची माणसं लाख माया करणारी. त्यांनी तिला इतकं जपलं, की अकरा वर्षांत ती गल्लीच्या टोकापलीकडे गेली नाही. सर्व्हिस मोटारीची पायरी तिच्या कमरेला लागे. आगगाडीने यावं तर मिरजेला गाडी बदला, आणि सातारा रोडला उतरून पुढे पुन्हा टांग्याचे हिसके खा. आमची आई गेली तेव्हाही तिला येता आलं नाही. आई शेवटचे चार दिवस दाराकडे बघत होती, हे मी आक्काला कधी सांगितलेलं नाही.

म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सांगलीला कार्ड टाकलं, की पाडव्याला माझी मोटार घेऊन येतो, तुला बसवतो आणि भाऊबीज साताऱ्यात, माहेरी. उलट टपाली आक्काने शेजारणीकडून लिहवलेलं उत्तर आलं: "गल्लीत समद्यास्नी सांगून ठेवलंय. नवं लुगडं बी आणलंय. आता न्हाई म्हणलास तर मी परत कवा माहेराचं नाव काढणार न्हाई." ते कार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं, आणि तीन आठवडे ते माझ्याकडे बघत राहिलं.

दसऱ्याला नाथाजीने मोटार दारात आणली. नवे पिस्टन, नव्या रिंगा, तासून घेतलेले सिलिंडर. आम्ही झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. नाथाजीने हँडल मारलं आणि इंजिन इतकं गोड सुरू झालं, की माझा ऊर भरून आला. मग मागच्या नळीतून निळसर धुराची एक बारीक शेंडी निघाली.

"नाथाजी, हा धूर?"

"जाईल सायेब. काळजी करू नका," असं म्हणून त्याने खाडकन सॅल्यूट ठोकला. "मी गावाकडं निगालो. भातं काढणीला आल्यात. दिवाळीच्या आत येतो."

तो गेला आणि धूर राहिला.

आमच्या घरी कडेगावची बनुबाई आत्या असते. पेठेतल्या निम्म्या पोरांच्या आयांची बाळंतपणं तिने निस्तरली आहेत, त्यामुळे कुठल्याही दुखण्याकडे ती त्याच दिशेने येते. तिने मोटारीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "भाऊसो, हिचं प्वाट उघडलं हुतं न्हवं?"

"उघडलं होतं."

"आतलं समदं भाईर काढलं हुतं?"

"हो."

"आन आता लगेच रस्त्यानं पळवणार व्हय रं तिला? ओली बाळंतीण ती! सव्वा म्हयना भाईर काढायची न्हाई. दिवाळीची नड हाय म्हणून तीन आठवड्यांव भागवू."

मी हसलो. मी बी.ए. एलएल.बी. आहे, असल्या गोष्टींना हसणं मला भागच आहे. पण पोटातलं सांगायचं तर आत्याचं म्हणणं मला आतून पटलं. इतकं कोरं करकरीत झालेलं इंजिन खडबडीत रस्त्यावर नेऊन दमवायला माझंच मन घेत नव्हतं. तेव्हा आत्याची समजूत राखायची या सबबीखाली मी सगळ्याला मान तुकवली.

मोटार छपरात गेली. तिला वारा लागू नये म्हणून पुढे जुन्या लुगड्याचा पडदा लागला. बॉनेटवर वाकळ आली. सकाळ-संध्याकाळ पुढच्या बाजूला शेगडी ठेवली जाऊ लागली. मात्र ती पेट्रोलच्या टाकीपासून दहा हात लांब असावी, एवढी माझी कायद्याची जाण शाबूत होती. आणि रोज सकाळी मी हँडल मारून इंजिन जागच्या जागी पंधरा मिनिटं हळूच चालू ठेवी. बाळंतिणीला कोवळ्या उन्हात बसवतात, त्यातलाच हा प्रकार.

धूर दिवसागणिक वाढत गेला. पाचव्या दिवशी शेंडीचा शेपटा झाला आणि आठव्या दिवशी समोरच्या ओट्यावरून आकाराम मास्तर खाली उतरले.

आकाराम मास्तर रेल्वेत चाळीस वर्षं होते. रिटायर होऊनही ते काळा कोट घालतात आणि समोरून काहीही गेलं, अगदी म्हैस गेली तरी, खिशातलं घड्याळ काढून वेळ बघतात. धूर हा आपला खास विषय आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

"वकीलसाहेब, काळा धूर आला तर कोळसा जास्त झाला. पांढरा आला तर पाण्याची भानगड. तुमचा निळा आहे." त्यांनी घड्याळात पाहिलं. "निळा धूर रेल्वेच्या नियमात बसत नाही."

"मग?"

"मग आधी तो खरंच निळा आहे का, हे ठरवलं पाहिजे. पांढरं फडकं आणा."

नळीच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं की धुरातलं पाप फडक्यावर उतरतं, हे शास्त्र मला मान्य आहे. फक्त त्यांनी फडकं म्हणून दोरीवर वाळत घातलेले माझे कोर्टात गळ्याला बांधायचे बँड घेतले, हे मला मान्य नाही. बँडांवर दोन तेलकट डाग पडले. मास्तरांनी ते पाहून "तेल!" एवढंच म्हटलं आणि बँड होते तिथे पुन्हा टांगले. दुसऱ्या दिवशी मी ते न बघता गळ्यात बांधून कोर्टात उभा राहिलो. न्यायाधीश महाराजांनी चष्मा पुसला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, दिवाळीचं तळण आपल्याकडेच सोपवलंय वाटतं?" कोर्ट हसलं. माझ्या अशिलाचं हसणं मला सर्वांत लागलं.

तळणाचा उल्लेख त्यांनी उगाच केला नव्हता. धुराला खरोखरच तसा वास येऊ लागला होता. पेठेतल्या दोन बायका आमच्या चंद्राबाईंकडे, म्हणजे आमच्या घरच्या सरकारांकडे येऊन गेल्या, की यंदा चकल्या इतक्या लवकर कशा. कडेगावहून आमच्या उसाच्या रानातला कोंडीबा गुळव्या ज्वारीची पोती घेऊन आला होता. गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूर बघून काहिलीतला रस कुठवर आला ते सांगणारा माणूस. त्याने नाक वर करून दोनदा हुंगलं.

"मालक, ह्यो धूर काहिलीखालचा न्हवं. काहिलीतला हाय. आत कायतरी तळतंय बगा."

अडाणी माणसाचं बोलणं म्हणून आम्ही ते सोडून दिलं. तीन आठवड्यांत कुणी खरं निदान केलं असेल तर ते त्याने, हे मला फार उशिरा कळलं.

इकडे कुपनांचा प्रश्न होता. टाकीत होतं ते पेट्रोल रोजच्या कोवळ्या उन्हात आटत चाललं होतं. सांगलीला जाऊन यायचं म्हणजे आठ गॅलन हवं. मी कचेरीत अर्ज घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला.

"कारण काय लिहिलंय? भाऊबीज? हे कारण यादीत नाही. वैद्यकीय, सरकारी आणि शेतकी, एवढीच तीन आहेत."

"बहिणीचे गुडघे धरलेत. म्हणजे वैद्यकीय."

"मग गुडघ्यांचा दाखला आणा."

मी सांगलीला तार केली. तिकडच्या डॉक्टरांचा दाखला आला. सांगली पडली संस्थान, तेव्हा परक्या मुलखातल्या गुडघ्यांवर आपल्याकडच्या डॉक्टरची सही घ्या, असं ठरलं. तीही आणली. कारकुनाने दाखला दिव्यासमोर धरून वाचला आणि माझ्यापुढे सरकवला.

"यात लिहिलंय, बाईंनी हालचाल करू नये. हालचाल करायची नाही, तर पेट्रोल कशाला?"

पंधरा वर्षं मी वकिली करतो आहे. इतका बिनतोड युक्तिवाद मी कुठल्याही कोर्टात ऐकलेला नाही. शेवटी आमचं उसाचं रान कडेगावला आहे आणि कडेगाव सांगलीच्या वाटेवर आहे असं थोडं ओढूनताणून म्हणता येतं, या आधारावर अर्ज 'शेतकी'त बसला. मी हुश्श करणार तोच त्याने दुसरा कागद काढला.

"पण तुमच्या मोटारीविरुद्ध तक्रार आहे. धुराची. निनावी. मोटार इथे आणा, धूर बंद झाल्याचं दाखवा, मग कुपनं. धनत्रयोदशीपर्यंत. नंतर कचेरी बंद."

मी कागद पाहिला. ठसठशीत वळणदार अक्षर, आणि वरच्या कोपऱ्यात 'वेळ ७.४२' अशी नोंद. निनावी अर्जावर वेळ घालणारा माणूस साताऱ्यात एकच.  घरी येताना माझ्या मनात आलं, की हाच मनुष्य रोज सकाळी माझ्या अंगणात माझा चहा पीत धुरावर व्याख्यान देतो.

रात्री जेवताना चंद्राबाई म्हणाल्या, "अहो, आक्कांना कळवून टाका आता. उगाच वाट बघत बसतील." मी घास खाली ठेवला. पेन घेऊन टेबलाशी बसलो, काचेखालचं ते कार्ड वाचलं, आणि पेन पुन्हा दौतीत ठेवलं. मला ते लिहवेना. येता येत नाही असं कळवणारं आक्काचं जुनं पत्रही मीच आईला वाचून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीच्या आदल्या सकाळी, मी सर्व्हिस मोटारीने मेढ्याला गेलो. नाथाजी वावरात वाकून भात कापत होता. मला पाहून त्याने विळ्यासकट सॅल्यूट केला.

"सायेब, धूर ग्येला न्हवं?"

"वाढलाय."

त्याचा चेहरा पडला. "आमच्या गावात बी आलंय कानावर. साताऱ्यात म्हणं त्येला 'नाथाजीचा धूर' म्हणत्यात. पयलंच इंजिन, सायेब. आता कोन येनार माज्याकडं?" बांधावर बसून त्याने बिडी काढली आणि विचारलं, "किती मैल चालवली?"

"कुठे?"

"रस्त्यावं."

"रस्त्यावर कशी चालवणार? नवं इंजिन! आम्ही जपतो आहोत. रोज पंधरा मिनिटं जागच्या जागी चालवतो. वाकळ घातली आहे. शेगडीही देतो."

नाथाजीने न पेटवलेली बिडी कानामागे खोचली. 

"सायेब," तो म्हणाला, "नवी रिंग आन नवा सलिंडर, दोघांची वळख व्हाय पायजे. चढाव दामटलं की आत जोर येतो. त्यो जोर रिंगांस्नी सलिंडरच्या भिताडावं दाबतो, आन घासून घासून दोघांचा मेळ बसतो. नुस्तं जागच्या जागी भुरभुर चालवलं तर मेळच बसत न्हाई. मंग खालचं त्याल फटीतनं वर चढतं आन जळतं. त्योच तुमचा निळा धूर. ही बाळंतीण न्हाई, सायेब, ह्यो पैलवान हाय! पैलवानाला वाकळंत घालून शेगडी देत्यात व्हय?"

"तू हे आधी का सांगितलं नाहीस?"

"मोटार रस्त्यावं चालवायची असती, ह्ये वकिलाला काय सांगायचं?"

मी खटला तिथेच सोडून दिला.

नाथाजी माझ्याबरोबरच साताऱ्याला आला. धनत्रयोदशीच्या सकाळी त्याने पडदा फेडला, वाकळ आत्याच्या हातात दिली आणि इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तेल पट्टीच्या खुणेच्या चार बोटं वर. त्याने तेल सोडायची खालची बुची काढली. परातीत तेल पडू लागलं, पडतच राहिलं. परात भरली, मग बादली लावली. नाथाजीने त्यात बोट बुडवून हुंगलं.

"ह्यात गोडंत्याल हाय."

आत्याने हातातल्या वाकळेची घडी घालायला घेतली.

"आन एरंडेल बी हाय."

आत्या अजिंक्यताऱ्याकडे बघत होती. आकाराम मास्तर घड्याळाला किल्ली देत होते. नाथाजीने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, बादली गटारीकडे नेऊन ओतली आणि पलटणीतून आणलेल्या डब्यातलं नवं तेल मोजून भरलं.

"आता चढ. यवतेश्वराचा. आन वजन पायजे. कोन कोन येतंय?"

मागच्या सीटवर ज्वारीची दोन पोती, त्यांच्या मधोमध आत्या, आणि कडेला मास्तर. मास्तरांना बोलावलं नव्हतं. धुराचा निकाल आपल्याशिवाय लागू नये म्हणून ते चढले. मी नाथाजीच्या शेजारी. नाथाजीने गाडी दुसऱ्या गिअरात टाकली आणि त्या कच्च्या चढणीला भिडवली.

इंजिन असं ओरडलं, की माझा जीव त्याच्यासाठी तुटला. मागे निळ्या धुराचा लोट उठला. साताऱ्याचा किल्ला दिसेना, राजवाडा दिसेना, काहीच दिसेना. पहिल्या वळणावर आत्याने देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या वळणावर आतून काहीतरी खडखडलं आणि आत्याने माझा खांदा घट्ट धरला.

"भाऊसो, म्या वतलं रं! रोज वाटीभर गोडंत्याल. बाळंतिणीच्या आतड्याला ओशटपणा लागतो म्हणून! आन चार येळा एरंडेल, प्वाट साफ व्हाया!"

"मीही," मास्तर डोळे मिटून म्हणाले, "इंजिनाला तेल कमी पडतंय असा माझा कयास होता. सिग्नलच्या कंदिलाचं होतं घरात थोडं. आणि वकीलसाहेब, तो अर्जही मीच केला होता. वर कागद गेल्याशिवाय कोणी लक्ष घालत नाही, हा चाळीस वर्षांचा अनुभव. तुमच्या भल्यासाठीच केला."

नाथाजीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे बघत राहिलो. रोज पहाटे सगळे उठायच्या आत मीही इंजिनात एक पेला तेल ओतत असे, हे मी तिथे सांगितलं नाही. इथे सांगतो.

चौथ्या वळणावर धूर विरळ झाला. वरच्या सपाटीवर नाथाजीने इंजिन बंद न करता गाडी उभी केली, खाली उतरून नळीच्या मागे उकिडवा बसला आणि हाताने खूण केली. मी गेलो. निळ्याचा जेमतेम भास होता.  बाहीने तोंड पुसायच्या निमित्ताने नाथाजीने डोळे पुसले आणि गाडी वळवून तीच चढण दोनदा पुन्हा चढवली. तिसऱ्या खेपेला धुराचा भासही उरला नाही.

तसेच आम्ही कचेरीत. कारकून बाहेर आला, त्याने नळीला स्वतःचा रुमाल लावला, उलटसुलट करून बघितला आणि शेऱ्यात 'धूर नाही' असं लिहिलं. मग कुपनं फाडली. सहा गॅलनची.

"आठ मागितले होते," मी म्हणालो.

"ते धूर होता तेव्हा. आता धूर थांबला, म्हणजे इंजिन कमी पिणार. सहा पुरतील."

पाडव्याच्या पहाटे मी आणि नाथाजी निघालो. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, आष्टा गेलं. मोटार इतकी सुरेख चालली होती, की मी दर मैलाला मान मागे वळवून धूर नसल्याचं डोळे भरून बघत होतो. फक्त नाथाजी मधूनमधून टाकीत काठी घालून बघे. आयर्विन पूल ओलांडून सांगलीत शिरलो तेव्हा दुपार झाली होती. आक्का नवं लुगडं नेसून सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसली होती आणि सगळी गल्ली तिच्याभोवती उभी होती. मी उतरल्यावर तिने माझ्याकडे बघितलंच नाही, गल्लीकडे बघितलं आणि म्हणाली, "आला का न्हाई? सांगितलं हुतं तुमास्नी." मग पदर तोंडाला लावला.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी चौघांनी तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. पाठीला दोन उशा, पायांखाली एक, आणि घरच्या प्रत्येकाची एकेक ताकीद. "जपून न्या. उतरू देऊ नका. पायावर भार नको." वाटेत आक्का खिडकीतून ऊस बघत होती, नदी बघत होती, वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव विचारत होती. कराडच्या पुढे तिचं विचारणं थांबलं. तिला आता सगळं ओळखू येत होतं.

दिवेलागणीला सातारा आलं. आमच्या पेठेच्या चढाच्या अगदी पायथ्याशी इंजिन दोनदा उचकलं आणि गप्प झालं. नाथाजीने टाकीत काठी घातली. कोरडी ठणठणीत.

"सा ग्यालन, सायेब," एवढंच तो म्हणाला.

आम्ही दोघं मागून ढकलू लागलो. दहा पावलं वर, चार पावलं खाली. चढ उभा, मोटार जड, आणि अकरा वर्षं बसून असलेली आक्काही हलकी नव्हती. माझा श्वास भात्यासारखा चालू होता. तेवढ्यात मागचं दार उघडलं.

"थांबा. मी उतरती."

"आक्का, नको! गुडघे!"

"गुडघं माझं हायती का तुझं?"

तिने एक पाय खाली टाकला. मग दुसरा. मडगार्ड धरून उभी राहिली. मी मोटार सोडून तिचा हात धरायला धावलो, तशी मोटार मागे घसरली आणि नाथाजी जिवाच्या आकांताने ओरडत चाकाखाली धोंडा शोधू लागला.

"हात सोड," आक्का म्हणाली.

"अगं, पडशील."

"सोड म्हणती न्हवं? अकरा वरसं जो त्यो माझा हात धरून मला खाली बसवतोय. पाण्याला उठले, बस म्हणाले. तुळशीपाशी जाया उठले, बस म्हणाले. आईला बघाय जाती म्हणलं, तवा बी बस म्हणाले." तिने मोकळ्या हाताने पदर कमरेला खोचला. "आन मी बी बसले रं."

मी हात सोडला.

ती चढू लागली. एक पाऊल, मग थांबायचं, मग दुसरं. चार घरं गेली की एखाद्या ओट्याला टेकायची, तिथल्या बाईला "वळीकलंस का?" म्हणून विचारायची आणि पुन्हा उठायची. बायका दिवे सोडून बाहेर आल्या. कुणी हात द्यायला पुढे झालं की ती तो बाजूला सारी. कपाळावर घाम आला होता, दुखतही असणार. पण तोंडाने ती आमच्या नगरपालिकेला, या चढाला आणि तो बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवत होती, त्यावरून ती मजेत आहे हे मला कळलं. आम्ही मागून मोटार ढकलत होतो आणि ती आमच्यापुढे निघून गेली.

आम्ही पोचलो तेव्हा आत्याने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. "आन मोटार कुठं हाय?" आत्या विचारत होती. "येतीया मागनं," आक्का म्हणाली. मग तिने दाराची चौकट हाताने चाचपली, खालपासून वरपर्यंत, आणि आत गेली.

आत्या आणि मास्तर सोडले तर माझी मोटार धुराशिवाय चालते हे आमच्या पेठेत त्या दिवाळीत कुणी पाहिलं नाही. कचेरीतून ती परस्पर नाथाजीच्या दुकानात गेली, सांगलीला जाताना पहाट होती, आणि येताना ती ढकलत आणली. तीन आठवडे जिच्या धुराचा सगळ्यांनी पंचनामा केला, तिच्या निर्मळ नळीकडे त्या संध्याकाळी एकानेही वाकून बघितलं नाही. एरवी हे मला फार लागलं असतं.

पाट मांडला. मी बसलो. आक्काने खुर्ची नाकारली आणि उभ्यानेच ओवाळायला घेतलं. तिचे पाय एकदाही डगमगले नाहीत. ताम्हण माझ्या तोंडासमोरून फिरलं आणि मला पुढचं दिसेनासं झालं. सगळी पेठ दारात जमली होती. वकिलाने काही अब्रू राखायला हवी. मी उपरण्याने डोळे पुसत म्हणालो, "धूर गेला डोळ्यांत."

आकाराम मास्तर पुढे झाले, निरांजनावर वाकले आणि त्यांनी नीट पाहिलं.

"तुपाच्या वातीला धूर नसतो, वकीलसाहेब," ते म्हणाले.